बर्लिनची मोनाली आणि आमचा नाका

७ जून २०२०, रविवार

सकाळी उठून फोन हातात घेतला तर घरच्या ग्रुपवर मोनालीचा फोटो, आणि खाली सगळ्यांच्या टाळ्या, हृदयं, जोडलेले हात. अमेरिकेत गेल्या महिन्यात एका गोऱ्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड नावाच्या काळ्या माणसाच्या मानेवर गुडघा दाबून त्याचा जीव घेतला. तेव्हापासून कोरोनाची पर्वा न करता जगभर लोक रस्त्यावर येताहेत. काल बर्लिनच्या चौकात हजारो माणसं काळे कपडे घालून उभी होती, त्यात ही. तोंडाला काळा मास्क, हातात पुठ्ठ्याची पाटी. पाटीवर जर्मनमध्ये लिहिलेलं, त्याचा अर्थ तिनेच खाली दिला होता : गप्प बसणं हीसुद्धा हिंसा आहे.

कुंदनदादाने लिहिलं, 'माझी बहीण.' माझ्या वडिलांनी लिहिलं, 'आमच्या घराचं नाव काढलंस पोरी.' मला आठवत नाही त्यांनी मला असं काही लिहिल्याचं. मी मागच्या आठवड्यात केळ्याच्या वेफर्सचा फोटो टाकला होता, त्यावर त्यांचा अंगठा आला होता.

मोनाली माझी चुलत बहीण. एका वर्षाने मोठी. अमळनेरला एकाच खोलीत आम्ही वाढलो. कॉलेजात वक्तृत्वाची ढाल मी आणायचे. ही स्टेजवर चढली की पाठ केलेलं सगळं विसरायची. आणि आज ही जगाला गप्प बसू नका म्हणून सांगतेय.

भूपेंद्रची, म्हणजे आता माझ्या नवऱ्याची, माणसं खरं तर तिला बघायला आली होती. पाणी घेऊन मी गेले, आणि जाताना त्यांनी माझं नाव विचारलं. ती सावळी, मी गोरी, एवढंच कारण. त्या रात्री काकूंनी मला जवळ घेतलं आणि मोनाली भिंतीकडे तोंड करून झोपली. मला तेव्हा फार छान झोप लागली होती.

तिला नंतरही स्थळं येईनात, म्हणून ती शिकत गेली. पुणे, मग जर्मनी. मी इथे, फैजपूरच्या अलीकडे, केळीच्या बागांत.

संध्याकाळी हेमांगीने विचारलं, "आई, मावशी काळी आहे म्हणून तिकडे पोलीस तिला मारतील का?"

मी म्हटलं, "मावशी काळी नाही, सावळी आहे."

"मग मी?"

सासूबाई तिच्या हाताला डाळीचं पीठ आणि साय लावत होत्या. त्या म्हणाल्या, "तू उन्हात जाऊ नको व माय, म्हनजे झालं."

१० जून

आज पेपरात मोनाली. चांगला मोठा फोटो. 'खान्देशची लेक बर्लिनच्या रस्त्यावर.' नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पूर्ण बातमी मोठ्याने वाचली, मग सासूबाईंसाठी पुन्हा वाचली. सासूबाई म्हणाल्या, "हे तीच ना, आपुन पाह्यली व्हती ते?" नाना म्हणाले, "तीच." मग दोघांनीही एकदम माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा मला फार राग आला.

भूपेंद्रने फोटो स्टेटसला ठेवला : 'आमच्या मेहुणीचा अभिमान.' तेरा वर्षांत माझा फोटो त्याने एकदा ठेवलाय, वाढदिवसाला, तोही त्याच्यासोबतचा.

दुपारी सावद्याला डॉक्टरकडे गेलो होतो, हेमांगीच्या कानाचं दाखवायला. येताना नाक्यावर बॅरिकेड लावलेली. शिपायाने आमची गाडी ओळखली, हात वर केला, आम्ही निघालो. मी त्या बातमीखालच्या कमेंट वाचत होते. कुणीतरी लिहिलं होतं, 'हिच्यासारख्या मुली प्रत्येक घरात जन्माव्यात.' मागे आरडाओरडा ऐकू आला म्हणून काच खाली केली. प्रेमराज होता, आमच्या मळ्यातला मजूर. भूपेंद्रने त्याला ठिबकचे सांधे आणायला सायकलवर पाठवलं होतं, तो आमच्या मागूनच येत होता. शिपायाने त्याला खाली पाडला होता आणि काठी चालली होती. तोंडाला रुमाल तर होता त्याच्या. तो आमच्या गाडीकडे हात करून शेठ, शेठ म्हणत होता. भूपेंद्र म्हणाला, "काच वर घे, एसी चालू आहे." मी घेतली.

घरी येऊन मोजलं नाही, पण शंभराच्या वर कमेंट असतील. जर्मनीतून मराठी माणसांच्यासुद्धा.

१२ जून

प्रेमराजचा उजवा हात मोडलाय, कोपराच्या वर. भूपेंद्रने स्वतः नेऊन प्लास्टर घालून आणलं. डॉक्टरला सांगितलं, सायकलवरून पडला. मला म्हणाला, "उगाच वाढवायचं नाही. केळीच्या गाड्या बाहेर जायच्या तर परवान्याला त्याच लोकांच्या दारात उभं राहायचंय." त्याचंही बरोबर आहे.

मला मात्र एक कल्पना सुचलीय. बर्लिनला होऊ शकतं तर इथे का नाही? रविवारी देवळासमोर बायकांनी काळे कपडे घालून उभं राहायचं. मास्क, अंतर ठेवून, पाट्या घेऊन. मी थोडं बोलेन. पेपरवाल्याला बोलवायचं. असं आपल्या भागात अजून कुणी केलेलं नाही. मोनालीच्या गर्दीत हजारो होते. तिच्याशिवायही ते झालंच असतं. हे मात्र माझ्याशिवाय होणार नाही.

भजनी मंडळातल्या पुष्पाबाई आणि बेबाबाई लगेच तयार झाल्या. अडचण काळ्या साडीची. बेबाबाई म्हणाल्या, "काळी साडी तं संक्रातीची आहे. तिच्यावर पतंग आहेत. चालीन का?" चालेल म्हटलं.

१४ जून, रविवार

झाला कार्यक्रम. भजनी मंडळातल्या बायका धरून चांगली रांग झाली. सगळ्याजणी संक्रांतीच्या साड्यांत, कुणाच्या पदरावर पतंग, कुणाच्या काठाला सोनेरी जर. पाट्या मी रंगवल्या होत्या. माझ्या पाटीवर मोनालीचं वाक्य घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण दुसरं तितकं चांगलं सुचेना, म्हणून 'गप्प बसणार नाही' असं केलं.

भाषण चांगलं झालं. आवाज अजून तसाच आहे. फक्त एक झालं. मी फ्लॉइडचं सांगताना म्हटलं, की श्वास कोंडला तेव्हा त्याने आईला हाका मारल्या. ते ऐकून बेबाबाई खरंच रडायला लागल्या. पदराने डोळे पुसत मटकन खाली बसल्या. पेपरवाला माझं सोडून त्यांचेच फोटो काढत राहिला. मला तेव्हा वाटलं, थोडं आवरायला काय होतं यांना.

भाषणाच्या मध्येच प्रेमराजची बायको दीपमाला आली. साक्रीकडची ही माणसं, पेरणीच्या आधी इकडे मळ्यात कामाला राहतात. बाजूला उभी राहिली, तोंडावर पदर. मी संपवल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, माले पोलीस ठेसनमा जानं शे. तुमी सोबत चाला ना. मी एकली गई ते त्या माले दारमा उभं बी राहू देतस नही."

मी म्हटलं, "आज नको गं, आज हे आहे. बघू नंतर." ती पाट्यांकडे बघत होती. वाचता येतं का तिला, माहीत नाही. मग गेली.

मोनालीला फोटो पाठवलेत. अजून निळी खूण आलेली नाही.

१६ जून

पेपरात आलं. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढं. फोटोत बेबाबाई रडताहेत आणि मागे माझी अर्धी पाटी. खाली छापलंय : 'महिला मंडळातर्फे वृक्षारोपणाचा संदेश.'

भूपेंद्र इतका हसला की त्याला ठसका लागला. नाना मात्र गंभीरपणे म्हणाले, "झाडं लावाले कधी गेल्या व्हत्या तुम्ही?"

पेपरवाल्याला फोन केला. त्याने उचलला नाही.

१८ जून

मोनालीचा व्हिडिओ कॉल. केस कापलेत तिने, पार कानापर्यंत. चांगले दिसतात, हे लिहायला हात जड होतोय. खिडकीतून मागे झाडं, इमारती, बऱ्याच रात्रीपर्यंत न मावळणारं ऊन. म्हणाली, "मोहू, फोटो बघितले. मला भरून आलं. पतंगाच्या साड्या बघून तर जास्तच."

ती चिडवतेय का खरं बोलतेय, हे मला तिच्या बाबतीत कधी कळलं नाही. मी म्हटलं, "तुमच्यासारखी गर्दी नव्हती."

"गर्दीत काय आहे. मी एका कोपऱ्यात होते. मला तर भीतीच वाटत होती. इथे मेट्रोत मला दोनदा अडवलंय, कागद दाखव म्हणून. शेजारच्या गोऱ्या मुलीला नाही, मलाच." हे तिने पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. सांगतानाही असं, जसं दूध संपलंय म्हणावं. ग्रुपवर याबद्दल एक अक्षर नाही. मला वाटलं, यातही ही वरचढ.

तेवढ्यात हेमांगी मध्ये घुसली. "मावशी, आमच्या प्रेमराजकाकांना पोलिसांनी मारलं. हात मोडला. आम्ही गाडीत होतो."

मी तिला मागे ओढलं, पण मोनालीने ऐकलं होतं. तिचा चेहराच बदलला. कोण, कधी, कुठे, तक्रार दिली का, सगळं विचारायला लागली. म्हणाली, "तू बघितलंस? स्वतः? मग थांब, मी लिहिते. इथून वरिष्ठांना मेल करते, पेपरवाल्यांना ओळखते आता. नाव सांग त्याचं."

माझी कानशिलं तापली. म्हटलं, "नको. ते आमच्याकडचं आहे, आम्ही बघू."

"काय बघितलंत आत्तापर्यंत?"

मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज होती.

पाटी तिची, वाक्य तिचं, पेपर तिचा. आता प्रेमराजही तिचाच होणार. नाका माझ्या गावाचा, माणूस माझ्या मळ्यातला, आणि बर्लिनमध्ये बसून ही त्याला न्याय मिळवून देणार, आणि पुन्हा नाना ते दोनदा वाचणार. मी उद्याच जाते.

१९ जून

गेले. सगळं नीट लिहिते.

भूपेंद्र केळीच्या कटाईला गेल्यावर स्कूटी काढली आणि मळ्यातल्या खोलीवर गेले. प्रेमराज खाटेवर बसून होता, प्लास्टरच्या आत काडी घालून खाजवत. मला बघून उठायला लागला. मी दीपमालाला म्हटलं, "चल." तिने कुठे म्हणून विचारलं नाही. पदर घेतला आणि मागे बसली.

वाटेत मी म्हटलं, "मी सांगेन त्यांना, की मी पाहिलंय."

ती म्हणाली, "माहीत शे माले. यास्नी सांगं. तुमीन काच खाले करेल व्हती."

मी गाडी हळू केली. "मग रविवारी म्हणाली का नाहीस? नुसतं सोबत चला म्हणालीस."

"माले वाटनं, तुमी सोता सांगशात."

मी पुन्हा वेग वाढवला, तो थेट ठाण्यापर्यंत.

दारातला शिपाई मला बघून उठला, "या वहिनी." मागे दीपमालाला बघून म्हणाला, "तू तिकडे बस." तिकडे म्हणजे पायरीवर. मी म्हटलं, "ती माझ्यासोबत आहे. खरं तर मी तिच्यासोबत आहे." आत साहेबांनी मला खुर्ची दिली. दुसरी खुर्ची रिकामी होती, त्यावर त्यांची टोपी. मी टोपी उचलून टेबलावर ठेवली आणि दीपमालाला बसवलं. हे मी कसं केलं कोण जाणे. बसताना ती खुर्चीच्या अगदी काठावर बसली.

साहेब गोड बोलले. "वहिनी, संचारबंदीत पोरं ताणाखाली असतात. थोडं होतं. तो पळायला लागला असेल."

"पळाला नव्हता. सायकलवर होता. आमच्या मागे येत होता."

"अहो, आमच्या माणसालाही अंदाज घ्यावा लागतो. असला काळाकुट्ट चेहरा, वर रुमाल बांधलेला. कुणालाही चोरच वाटणार. भूपेंद्रभाऊंना कुणी अडवतं का?"

ते माझ्याकडे बघून हसत होते, म्हणजे मीही हसावं. मला हेमांगीचे सायीने माखलेले हात दिसले. का ते सांगता येत नाही. मी भाषण ठरवून गेले होते, रात्रभर मनात घोळवलेलं, समतेवर, बर्लिनवर. त्यातलं एक वाक्य आठवेना. मी एवढंच म्हटलं, "मी बघितलं. तो जमिनीवर पडल्यावर काठी चालली. तो आम्हाला हाका मारत होता आणि आम्ही थांबलो नाही. हे सगळं लिहून घ्या. थांबलो नाही हेसुद्धा."

साहेब म्हणाले, "भाऊंना विचारलंय का?"

"मी विचारायला नाही, सांगायला आलेय."

पुष्कळ वेळ बसवून ठेवलं. मोठे साहेब येऊ देत, कॉम्प्युटर बंद आहे, चहा घ्या. चहा एकच कप आला. तो मी दीपमालाकडे सरकवला, तिने घेतला नाही, तसाच निवला. शेवटी मी म्हटलं, माझी बहीण परदेशात आहे, ती वरच्यांना लिहिणारच आहे, मी तिला थांबवलंय. तेव्हा अर्ज घेतला आणि शिक्का मारून पोच दिली.

म्हणजे शेवटी मोनालीच कामाला आली. परत येताना तेच डोक्यात होतं.

२० जून

भूपेंद्रला कालच ठाण्यातून फोन आला होता. रात्री तो जेवला नाही. सकाळी म्हणाला, "तुला बहिणीसारखं व्हायचंय ना? तिच्यामागे कुणी बाग नाही ठेवलेली. माझी केळी झाडावर पिकली तर कोण खाणार, बर्लिनवाले?"

मी म्हटलं, "तो तुलाच हाका मारत होता."

"माहीत आहे," तो म्हणाला. म्हणजे त्याने ऐकलं होतं. मला इतके दिवस वाटत होतं, एसीच्या आवाजात ऐकू आलं नसेल.

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. हेमांगी आज पीठ लावून घ्यायला बसली नाही. मी तिला बस म्हटलं नाही.

२७ जून

गाड्यांचे परवाने अडकले. साहेब सहीला नाहीत, उद्या या. दोन दिवस नाना स्वतः जाऊन ताटकळले. बाकीच्यांच्या गाड्या निघाल्या. पुष्पाबाईंच्या यजमानांनी आमचा माल आपल्या नावावर काढून दिला, नाहीतर गेलाच होता. लोक दारावरून जाताना माझ्याकडे बघतात. पेपरात फोटो आल्यावर बघतात तसं नाही.

मोनालीचे मेसेज येताहेत : 'काय झालं?' उत्तर दिलेलं नाही.

११ जुलै

जळगावला चौकशीला बोलावलं होतं. मला, दीपमालाला, प्रेमराजला, आणि गाडी चालवणारा म्हणून भूपेंद्रलाही. चौघं एकाच गाडीतून गेलो, खिडक्या उघड्या ठेवून. प्रेमराज पुढे बसायला तयार नव्हता. भूपेंद्रने दार उघडून धरलं तेव्हा बसला. शहरात दुकानं बंद, रस्ते मोकळे, सायरन मात्र सारखे.

मोठ्या टेबलामागे एक अधिकारी बाई होत्या. माझं झालं. मग भूपेंद्रला आत घेतलं, दार उघडंच होतं. त्या शिपायाच्या बाजूचा माणूस भूपेंद्रशी आधी बाहेर बोलून गेला होता. मला वाटलं होतं, हा म्हणणार मी पुढे बघत होतो.

तो तसंच म्हणालाही. "मी पुढे बघत होतो." मग थांबला. बाईंकडे वळून म्हणाला, "पण ऐकलं मी. शेठ म्हणून हाक मारत होता. आणि माझी बायको म्हणते तसंच झालंय. काच मीच वर घ्यायला लावली."

बाईंनी विचारलं, "तुम्हाला ठाऊक आहे ना, तुम्ही काय सांगताय?"

"हो."

बाहेर येऊन तो नळाखाली बराच वेळ तोंड धूत राहिला. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्याने रुमाल मागितला, मी दिला.

६ ऑगस्ट

त्या शिपायाला निलंबित केलं. पेपरात आलंय, या वेळी बरोबर छापलंय. 'केळी उत्पादक भूपेंद्र जीवराम पाटील यांच्या धाडसी साक्षीमुळे मजुराला न्याय.' माझं नाव नाही. दीपमालाचं नाही. प्रेमराजचंही नाही, तो नुसता मजूर.

नानांनी दोनदा वाचलं. माझ्या वडिलांनी ग्रुपवर लिहिलं, 'असा जावई मिळायला भाग्य लागतं.' कुंदनदादाने टाळ्या. मोनालीने लिहिलं, 'भाऊजी, ग्रेट.'

भूपेंद्र अवघडून म्हणाला, "मी पेपरवाल्याला तुझं नाव सांगितलं होतं." सांगितलं असेल. तो खोटं बोलत नाही, हे आता मला कळलंय. तरी दिवसभर त्याच्याकडे बघवेना. आता मला माझ्याच नवऱ्याचा हेवा वाटतोय. लिहून बघितलं तर हसू येतं, पण वाटतोय.

दुपारी दीपमालाचा फोन. चौकशी झाल्यावर ती दोघं उशिराच्या पेरणीला साक्रीकडे गेली, परत येणार नाहीत म्हणाली. प्लास्टर काढलं, पण प्रेमराजचा हात खांद्याच्या वर जात नाही. "वखर धरता येस नही. मीच धरस आते." पेपरचं तिला माहीतच नव्हतं. तिने दुसरंच विचारलं. शिपायाने उलट सांगितलंय की प्रेमराजनेच आधी हात उचलला, आता ते कोर्टात जाणार. "ताई, तारीखले येशात ना?"

"येईन."

"आनि पुढली तारीखले?"

"तेव्हाही येईन. दरवेळी येईन." दीपमाला बरं म्हणाली आणि फोन ठेवला. थँक्यू वगैरे काही नाही.

हेमांगी शेजारी बसून ऐकत होती. तिने विचारलं, मावशीला सांगायचं का. मी नको म्हटलं.

मी ठाण्यात गेले, आता तारखांना जाणार आहे, यातलं मोनालीला काही कळवलेलं नाही. कळवलं तर तिला मनापासून आनंद होईल, ते मला माहीत आहे. पण तिला आनंद व्हावा इतकी मी अजून चांगली झालेली नाही.